पिट्सिओलाकबाईंची चित्रबखर

अस्सल कागद सापडल्यावाचून बोलू नये, ही आमच्या इतिहाससंशोधनाची शिस्त. ती आम्हांस मान्यच आहे. परंतु जेथे लिपीच मिशनऱ्यांबरोबर आली, त्या समाजाचा गतकाल शोधावा कोठे? कॅनडाच्या उत्तरेस बॅफिन बेटालगत किनगाइट हे गाव आहे. २०२० पर्यंत त्याचे सरकारी नाव केप डॉर्सेट होते. तेथील इन्यूइट लोकांचे (‘एस्किमो’ हे परक्यांनी दिलेले नाव) जुने जीवन पाहावयाचे, तर पिट्सिओलाक अशूना ह्या बाईंची चित्रे उघडावी लागतात.

बाईंचा जन्म १९०४ च्या सुमाराचा, हडसन सामुद्रधुनीतल्या एका बेटावरचा. आईबाप कातडी होडीतून प्रवासात असतानाचा. पती अशूना शिकारी. सतरा अपत्ये झाली, त्यांतली सहाच जवळ वाढली. काही दगावली, काही तिकडच्या रीतीप्रमाणे दत्तक गेली. १९४० नंतरच्या दशकात पती साथीत वारले आणि शिकाऱ्यावाचून घर म्हणजे उपासमार. पुढे चित्रकार जेम्स ह्यूस्टन ह्यांनी गावात ठसेचित्रांचा उद्योग काढला. त्यासाठी ते १९५८ साली जपानात ठसे छापण्याची विद्या शिकून आले. चित्र एकाने काढावे, दगडावर दुसऱ्याने कोरावे, सहकारी संस्थेने विकावे, अशी व्यवस्था. चित्रांना पैसे मिळतात हे पाहून पन्नाशी उलटलेल्या बाईंनी पेन्सिल धरली आणि १९८३ साली मृत्यू येईपर्यंत सात हजारांहून अधिक रेखाचित्रे केली!

त्यांत काय आहे? टोपरात मूल घेऊन चाललेल्या बाया, कातडी तंबू, कुत्र्यांच्या गाड्या, मासेमारी, चेंडूचे खेळ. मात्र उपास आणि मृत्यू क्वचितच. मग ही बखर एकांगी म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. दक्षिणेकडच्या गिऱ्हाइकास जुने दिवस आवडत, हे खरे. पण पतीमागे एकट्या पडलेल्या आपणांस ह्या कामानेच आनंद दिला, असे बाईंनी स्वतः सांगितले आहे. ज्या दिवसांत पती हयात होता, ते दिवस त्या पुन्हा मांडीत होत्या. दुःख त्यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

ते दुःख लेकीने काढले. नापाची पुटूगुक (१९३८–२००२) हिने अखेरच्या वर्षांत भूक, सक्तीची लग्ने, पुरुषांची मारहाण रेखाटली. नात ॲनी (१९६९–२०१६) आणखी पुढे गेली: दूरचित्रवाणी, दुकानातला माल, घरातली भांडणे. ह्याच ॲनीचे २००६ सालचे एक चित्र आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यात आजी बिछान्यावर बसून चित्र काढीत आहे आणि जवळच दोन मुली बसल्या आहेत.