घरी बांधावयाचे जेट विमान

विमान म्हणजे सरकारने अथवा बड्या कारखान्याने निर्माण करावयाची वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत मात्र निम्म्याहून अधिक काम हौसेने वा शिक्षणासाठी स्वहस्ते केलेले असेल, तर गृहस्थास स्वतःचे विमान बांधून उडविण्याची कायद्याने मुभा आहे. या मुभेतून निघालेल्या अनेक उपक्रमांत जिम बीडी यांच्या ‘बीडी-५’ची कथा आम्हास विशेष उद्बोधक वाटते.

बीडी यांचा कारखाना कॅन्सस संस्थानातील न्यूटन या गावी होता. तेथे त्यांनी अगदी छोटेसे, एका माणसापुरते विमान कल्पिले. वैमानिक जवळजवळ निजून बसणार, इंजिन त्याच्या पाठीमागे आणि पंखा शेपटाच्या टोकास. सुटे भाग पेटीत भरून ग्राहकाच्या घरी धाडावयाचे, पुढचे काम त्याचे. १२ सप्टेंबर १९७१ रोजी पहिला नमुना उडाला, तो बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या इंजिनावर! त्याची इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी शेपटी अपुरी ठरली, म्हणून बदलावी लागली. अनामत रकमा मात्र या उड्डाणापूर्वीच जमा होऊ लागल्या होत्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही आपल्याकडची म्हण येथे कोणास आठवणार नाही?

खरे दुखणे इंजिनाचे होते. दोन-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक ठोका लांब दांड्यातून मागच्या पंख्यापर्यंत पोहोचे आणि त्या पिळाने यंत्रणा थरथरे. त्यावर उपाय शोधण्यात महिने गेले. पुढे ज्या जर्मन कंपनीचे इंजिन ठरले, तिचेच दिवाळे वाजले. मग जपानी इंजिन शोधणे आले. तोपर्यंत हजारो गृहस्थांच्या घरी पंख आणि सांगाडा येऊन पडला होता. इंजिनाचा पत्ता नव्हता. ज्यांनी जिद्दीने विमान पुरे केले, त्यांतील काही पहिल्याच उड्डाणांत दगावले. इंजिनाचा रेटा विमानाच्या गुरुत्वमध्याहून उंचावर असल्याने ते बंद पडताच नाक वर उचले, वेग घटे, आणि नवख्या हातास सावरण्यास अवधी उरत नसे.

या पेचातून तांत्रिकदृष्ट्या सुंदर वाट निघाली ती टर्बाइनची. फ्रान्सच्या मायक्रोटर्बो कंपनीचे टीआरएस-१८ हे सुमारे नव्वद किलो रेट्याचे जेट इंजिन बसवून १९७३ साली ‘बीडी-५जे’ उडाले. टर्बाइन अखंड फिरते, त्यात ठोका नाही. पंखा नाही म्हणून लांब दांडाही नाही. रोगाचे मूळच नाहीसे झाले. ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने जाणारी ही विमाने मेळाव्यांत कसरती करू लागली. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ या जेम्स बाँडपटात त्यांतील एक झळकले. त्या चित्रपटाचा बराच भाग आपल्या उदयपूरचा आहे. विमानाचा प्रसंग मात्र तेथला नव्हे. पुढे अशा एका विमानाची, १६२ किलो वजनाचे जगातील सर्वांत हलके जेट म्हणून, गिनेस ग्रंथात नोंद झाली. अमेरिकेत लष्करी सरावासाठी क्रूझ क्षेपणास्त्राचे सोंग घेण्याचे कामही या विमानाने केले.

पण ज्या सामान्य ग्राहकाच्या पैशावर हा डोलारा उभा राहिला, त्यास जेट इंजिनाची किंमत झेपणारी नव्हती. बर्ट रुटान यांच्यासारखा प्रतिभावान अभियंता १९७२ पासून बीडींच्या पदरी होता. तोही १९७४ मध्ये निघून गेला. त्याच्याच आराखड्याच्या ‘व्हॉयेजर’ने १९८६ साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९७९ मध्ये बीडींच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि विमानांसाठी अनामत घेण्यास त्यांना दहा वर्षे बंदी झाली.

बीडी हे लबाड होते, असे आम्ही म्हणणार नाही. अनामतीचा पैसा त्यांनी विमानातच ओतला. तथापि मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ज्याने कधी ठेवला आहे, त्यास हे समर्थन पुरेसे वाटणार नाही. २०१५ साली बीडी वारले. अर्धवट बांधलेले सांगाडे मात्र अमेरिकेतील गॅरेजांतून एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले, आणि कोणी त्यांत मोटारीचे इंजिन बसविले, तर कोणी आणखी कसले.