शंका, समाधान आणि सूर

मराठी पत्राचा मायना हा ज्यांना निव्वळ सोपस्कार वाटतो, त्यांनी संगणकविश्वातील गेल्या पन्नास वर्षांचा पत्रव्यवहार जरूर चाळावा. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढे लिहिले की लिहिणारा कोठे उभा आहे आणि वाचणाऱ्याने कोठे उभे राहावयाचे, हे पहिल्याच ओळीत ठरून जाई. हा मायना ज्या लेखनातून वजा झाला, त्यात मदत मागणारा आणि मदत देणारा यांची गाठ पडली की काय होते, याचा इतिहास केवळ तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आमच्या मते तो भाषेच्या अभ्यासकांचाच विषय आहे.

आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडतो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे घडविलेल्या युनिक्स या प्रणालीचे पहिले माहितीपुस्तक नोव्हेंबर १९७१ चे. त्याची भाषा तारेच्या मजकुरासारखी: आज्ञेचे नाव, ती काय करते, आणि शेवटी ‘बग्ज’ या मथळ्याखाली तिच्यातील दोषांची आपण होऊन दिलेली कबुली. वाचक म्हणजे शेजारच्या खोलीत बसणारा सहकारी, हे त्यात गृहीतच होते. अडले तर तो उठून येई आणि विचारी. बरोबरीच्यांत आर्जवांची गरज कोणाला? पुढे ही प्रणाली विद्यापीठोविद्यापीठी पोचली आणि तिच्याबरोबर तो तुटक सूरही पोचला. शेजारची खोली मात्र मागे राहिली. नवख्याने काही विचारले की ‘आधी पुस्तक वाच’ असे बजावणारी ‘आर टी एफ एम’ ही चार आद्याक्षरे रूढ झाली. त्यांतील तिसरे अक्षर शिवीचे आहे.

सूर हरवतो आहे, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. सप्टेंबर १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर, कोसळत्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, अशी चर्चा रंगली होती. त्या भरात कोणी तरी एका लिफ्टमध्ये पारा सांडून आगीने थोडी हानी झाल्याची ‘सूचना’ लावली, आणि काहींनी ती खरी मानली. तेव्हा १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन यांनी विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी आडवी पडलेली हसरी मुद्रा लावावी असे सुचविले. ही मूळ नोंद २००२ मध्ये जुन्या फितींतून शोधून काढण्यात आली. संस्कृत नाटक वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये. संवादाच्या आधी ‘सस्मितम्’ लिहिल्यावाचून तेथेही भागत नसेच.

१९९३ नंतर आंतरजालावर अनोळखी माणसांचे लोंढे आले. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी शिष्टाचाराची जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात वाचणाऱ्याची संस्कृती, भाषा आणि विनोदाची जाण आपल्याहून वेगळी असू शकते, असा स्पष्ट इशारा आहे. रागाचे उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, असाही सल्ला तीत आहे. तो किती जणांनी पाळला, हे सांगावयास नको.

नियमावलीपेक्षा अधिक वाचला गेला तो एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा, प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावरचा २००१ चा निबंध. आपण काय करून पाहिले ते सांगा, चुकीचा संदेश जसाच्या तसा द्या, ही त्यातील शिकवण आजही निर्दोष आहे. उत्तर देणारा स्वतःचा वेळ फुकट देत असतो, हेही खरेच. परंतु गयावया म्हणजे अभ्यासाला पर्याय नव्हे, असेही हा निबंध बजावतो, आणि प्रश्नावर ‘अर्जंट’ असा शिक्का मारणे त्याला उद्धटपणाचे वाटते. (गंमत अशी, की हे लेखकच मदतकेंद्र चालवितात अशा समजुतीने लोक त्यांनाच प्रश्न पाठवू लागले, आणि निबंधाच्या माथ्यावर तसे नसल्याची वैतागलेली सूचना त्यांना लावावी लागली.)

याच सुमारास आपल्याकडचे अभियंते मोठ्या संख्येने या व्यवहारात उतरले. त्यांचे इंग्रजी कचेरीच्या अर्जावर पोसलेले. ‘रिस्पेक्टेड सर’ हा त्याचा मायना, मग वाचणारी बाई का असेना. आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ हा शेवट. अर्जदार स्वतःला लहान करून घेतो, कारण विद्या मोठ्याकडून घ्यावयाची असते, असा त्याचा संस्कार. पलीकडच्याला मात्र त्यात अर्धी लाचारी दिसे आणि अर्धा हुकूम.

सर्वांत बोलका घोटाळा ‘आय हॅव अ डाउट’ या वाक्याचा. मराठीत ‘शंका विचारणे’ आणि ‘शंका घेणे’ या दोन निराळ्या क्रिया आहेत; क्रियापद त्यांना वेगळे ठेवते. शास्त्रग्रंथांत तर शंका आणि समाधान यांची जोडीच आहे. भाष्यकार प्रतिपक्षाची शंका स्वतः उभी करतो आणि मग उत्तराला लागतो. वर्गात शंका विचारणारा विद्यार्थी हा लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी. इंग्रजीत जाताना नाम तेवढे गेले, क्रियापद येथेच राहिले. अमेरिकी वाचकाला ‘डाउट’ म्हणजे अविश्वास. ज्याने ती प्रणाली लिहिली त्यालाच तो कळविला जात आहे. एकाने शिष्यत्व पत्करले आणि दुसऱ्याने आव्हान वाचले.

उलट दिशेनेही हेच घडे. ‘हे तुला करायचे तरी कशाला?’ असा प्रतिप्रश्न आला की आपल्या माणसाचा पाणउतारा होई. वास्तविक विचारणाऱ्याला पुष्कळदा खरोखरच हेतू जाणून घ्यावयाचा असे, कारण मूळ अडचण कळल्यावाचून उपाय सुचत नाही. ‘कशाला’ या शब्दाचे दोन सूर मराठीतही आहेत, पण ते कानाला कळतात.

२००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी उभ्या केलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने नमस्कार आणि आभार हे दोन्ही मजकुरात नकोत, असा शिरस्ता घातला. पुढे वाचणाऱ्यासाठी पान ज्ञानकोशासारखे राहावे, हा त्यामागील विचार समंजस होता. पण ज्याच्या भाषेत अर्धी विनंती मायन्यातच असते, त्याच्या हाती मग उरते काय? एप्रिल २०१८ मध्ये, नवख्यांना आपल्याकडे पुरेसे अगत्य मिळत नाही, अशी जाहीर कबुली त्या संस्थेनेच दिली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या ई-पत्रांतील वर्षानुवर्षांच्या तिखट भाषेबद्दल क्षमा मागितली आणि काही काळ लिनक्सच्या कामातून रजा घेतली. या दोन्ही कबुल्या प्रांजळ होत्या. पण त्या कठोरपणाविषयी होत्या. नम्रतेचाच चुकीचा अर्थ लागतो तेव्हा काय करावे, याचे उत्तर त्यांत नव्हते.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घटली. कारणे अनेक असतील. ‘सर’ म्हटले काय आणि न म्हटले काय, कोणी रागावत नाही, अशा ठिकाणी माणसे आपल्या शंका घेऊन गेली, हे त्यांपैकी एक असावे, असे आम्हांस वाटते.