भिंतीवरच्या कपॅसिटरची वंशावळ

कारखान्यातल्या एपीएफसी पॅनेलचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या कपॅसिटरच्या पेटीचा) मूळपुरुष म्हणजे पाण्याने भरलेली काचेची बरणी. १७४५-४६ मध्ये जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडेन गावी मुशेनब्रुक या दोघांनी स्वतंत्रपणे तिचा झटका खाल्ला. व्हर्सायमध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभं केलं आणि एका बरणीने सगळ्यांना एकदम उडवलं. कपॅसिटरची कारकीर्द अशी करमणुकीतून सुरू झाली.

पोटापाण्याचं काम त्याला मिळालं ते इंडक्शन मोटरमुळे. १८८८ मध्ये तिच्यावर टेस्लाचं पेटंट आणि फेरारिसचा शोधनिबंध आला. ही मोटर दणकट आणि स्वस्त, पण चुंबकत्व निर्माण करायला लागणारा तिचा प्रवाह काम न करता नुसता तारांमधून येरझारा घालतो. या येरझारांचं गणित १८९३ मध्ये स्टाइनमेट्झने सोपं केलं. त्यांवर उपाय म्हणून आधी अवाढव्य सिंक्रोनस यंत्रं फिरवली गेली. पुढे हाच प्रवाह मोटरजवळ पुरवणारे कागद आणि तेलाचे कपॅसिटर आले, मग पेट न घेणाऱ्या पीसीबी द्रवाचे. तो विषारी ठरला आणि १९७९ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. आजचे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्मचे असतात.

पण कारखानदाराने ते विकत घेतले ते बिलाच्या धाकाने, विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. शंभर किलोवॉटचा भार ०.७० पॉवर फॅक्टरवर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचं एकूण विजेशी प्रमाण) असेल, तर एकूण १४३ केव्हीए लागतात. सुमारे ६९ केव्हीएआरचे कपॅसिटर लावून तो ०.९५ वर आणला की १०५ केव्हीएत भागतं. ४१५ व्होल्टवर प्रवाह १९९ अँपिअरवरून १४६ वर येतो आणि कपॅसिटरच्या मागच्या केबलमध्ये उष्णतेत वाया जाणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. मोटर स्वतः मात्र पूर्वीइतकीच वीज खाते. म्हणून ‘कपॅसिटर लावा, वीज वाचवा’ हे अर्धसत्य आहे; खरी बचत डिमांड चार्जसारख्या केव्हीएवर मोजल्या जाणाऱ्या आकारात होते. घरच्या प्लगमध्ये खुपसायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्यांत तर तेवढंही सत्य नाही, कारण घरचं बिल केव्हीएवर येतच नाही.

महाराष्ट्रात बरीच वर्षं पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेल्यास दंड आणि ०.९५ च्या वर सवलत होती. एप्रिल २०२० पासून एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना थेट केव्हीएएच (केव्हीए गुणिले तास) युनिटवर बिल येतं, म्हणजे सवलत आणि दंड दोन्ही युनिटमध्येच मुरले. त्याआधीच, २०१८ पासून, लीडिंग पॉवर फॅक्टरही (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाल्यावरचा) हिशेबात धरला जाऊ लागला होता. रविवारी मोटरी बंद आणि कायम जोडलेले कपॅसिटर चालू, अशा कारखान्यांना त्याची चांगलीच झळ बसली. मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी आल्यावर त्यांच्या हार्मोनिक्सने (प्रवाहातल्या जास्त वारंवारतेच्या लहरींनी) कपॅसिटर तापून फुगू लागले, तेव्हा प्रत्येकापुढे रिअॅक्टर, म्हणजे तारेची गुंडाळी, जोडणं आलं. म्हणजे मोटरमधल्या ज्या गुंडाळीच्या त्रासातून सुटायला कपॅसिटर आणला, त्याच्याच रक्षणाला आता गुंडाळी बसवावी लागते.