प्रश्नकर्त्याचे स्थान : अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील १९६३ च्या तीन मुलाखती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना दूरचित्रवाणीवरील मुलाखती हे साधन वगळता येत नाही. मात्र या साधनाचा वापर बहुधा एकाच पद्धतीने होताना दिसतो. नेत्याचे उत्तर उद्धृत केले जाते आणि प्रश्न गाळला जातो. मुलाखत म्हणजे नेत्याचे एक छोटे भाषणच होय, असे जणू गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात जेम्स बाल्डविन, माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) यांच्या १९६३ मधील दूरचित्रवाणी मुलाखतींचा विचार केला आहे. 'द निग्रो अँड द अमेरिकन प्रॉमिस' या कार्यक्रमासाठी त्या घेण्यात आल्या. तिन्ही मुलाखतींत प्रश्न विचारणारी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे मानसशास्त्रज्ञ डॉ. केनेथ क्लार्क. या मुलाखतींचे ऐतिहासिक मूल्य उत्तरांइतकेच क्लार्क यांच्या प्रश्नांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शैक्षणिक दूरचित्रवाणीची पार्श्वभूमी

'सार्वजनिक दूरचित्रवाणी' ही संज्ञा अमेरिकेत १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्यानंतर रूढ झाली. त्यापूर्वी या केंद्रांना 'शैक्षणिक दूरचित्रवाणी' म्हटले जाई. त्यांना कार्यक्रम पुरविणारी 'नॅशनल एज्युकेशनल टेलिव्हिजन' ही संस्था प्रामुख्याने फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानावर चालत असे. केंद्रांना जोडणारी कायमस्वरूपी प्रक्षेपण यंत्रणा नव्हती. कार्यक्रमांच्या फिती टपालाने एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पाठविल्या जात. त्यामुळे एकच कार्यक्रम निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या दिवशी दिसे. साधने तुटपुंजी होती, परंतु जाहिरातदार नव्हता आणि वेळ भरपूर होता. सीबीएस या व्यापारी वाहिनीचे रात्रीचे राष्ट्रीय बातमीपत्र सप्टेंबर १९६३ पर्यंत केवळ १५ मिनिटांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका लेखकाला बालपणाविषयी सावकाश बोलू देणे किती दुर्मीळ होते याची कल्पना येते.

हा कार्यक्रम बोस्टन येथील डब्ल्यूजीबीएच या केंद्राने तयार केला. निर्माते हेन्री मॉर्गेन्थाऊ (तिसरे) हे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या अर्थमंत्र्यांचे पुत्र होत. एलिनॉर रूझवेल्ट यांचा 'प्रॉस्पेक्ट्स ऑफ मॅनकाइंड' हा चर्चात्मक कार्यक्रमही त्यांनीच सिद्ध केला होता.

चार वर्षांपूर्वीचे एक उदाहरण

तुलनेसाठी जुलै १९५९ मधील 'द हेट दॅट हेट प्रोड्यूस्ड' ही पाच भागांची मालिका पाहावी. डब्ल्यूएनटीए या व्यापारी केंद्राने ती प्रसारित केली. कृष्णवर्णीय पत्रकार लुई लोमॅक्स यांनी 'नेशन ऑफ इस्लाम'च्या मुलाखती मिळविल्या आणि निवेदन माइक वॉलेस यांनी केले. शीर्षकातच निर्णय दिलेला होता. माल्कम एक्स हे नाव असंख्य गोऱ्या प्रेक्षकांनी प्रथम ऐकले ते एका धोक्याच्या सूचनेबरोबर. येथे कृष्णवर्णीय मुलाखतकार होता, परंतु अखेरचा शब्द त्याचा नव्हता. (याच केंद्राची १३ क्रमांकाची वाहिनी १९६२ मध्ये शैक्षणिक केंद्राकडे गेली, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग होय.)

२४ मे १९६३

क्लार्क हे त्रयस्थ मुलाखतकार नव्हते. हार्लेममध्ये वाढलेल्या क्लार्क यांनी १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. पत्नी मेमी क्लार्क यांच्यासमवेत त्यांनी गोऱ्या व काळ्या बाहुल्यांच्या साहाय्याने मुलांवर केलेल्या अभ्यासाचा आधार १९५४ च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात घेण्यात आला. विभक्त शाळांमुळे बालमनावर होणारा परिणाम हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. म्हणूनच त्यांचे प्रश्न पत्रकाराच्या प्रश्नांहून वेगळे आहेत. ते प्रथम घर, आईवडील व शाळा यांविषयी विचारतात. राजकारण नंतर येते.

बाल्डविन यांची मुलाखत २४ मे १९६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये घेण्यात आली. काही आठवड्यांपूर्वीच बर्मिंगहॅम येथे निदर्शक मुलांवर पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडण्यात आले होते. त्या दिवशी बाल्डविन यांनी जमविलेल्या काही व्यक्तींची ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्याशी बैठक झाली. नाटककार लॉरेन हॅन्सबेरी, गायिका लीना हॉर्न, हॅरी बेलाफॉन्टे आणि स्वतः क्लार्क तेथे उपस्थित होते. जेरोम स्मिथ या तरुण कार्यकर्त्याने या देशासाठी आपण शस्त्र हाती धरणार नाही असे सांगितले आणि केनेडी थक्क झाले. बैठक निष्फळ ठरली. तेथून क्लार्क आणि बाल्डविन थेट चित्रीकरणासाठी गेले.

हा संदर्भ माहीत नसेल तर मुलाखतीचा आरंभ कळत नाही. बालपणाविषयीच्या पहिल्याच प्रश्नावर, आपले मन दुसरीकडेच आहे, असे बाल्डविन सांगतात आणि मग हार्लेमच्या आठवणींकडे वळतात. मन कोठे आहे हे समोर बसलेल्या क्लार्क यांना सांगण्याची गरज नव्हती. हातातील सिगारेट, मध्येच थबकणारी वाक्ये यांतून त्या बैठकीचा ताण पडद्यावर उतरला आहे. याच मुलाखतीत बाल्डविन सॅन फ्रान्सिस्कोमधील एका सोळा वर्षांच्या मुलाचा दाखला देतात. आपल्याला देश नाही, ध्वज नाही, असे तो मुलगा म्हणाला होता. नागरी पुनर्विकासासाठी त्याचे घर पाडले जात होते. हा मुलगाही दूरचित्रवाणीसमोरच बोलला होता. केक्यूईडी या शैक्षणिक केंद्राने बाल्डविन यांच्यासमवेत त्या शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांत केलेले चित्रण पुढे १९६४ मध्ये 'टेक धिस हॅमर' या नावाने दाखविले गेले. अनाम मुलाचे उद्गार एका मुलाखतीतून दुसऱ्या मुलाखतीत आले, ते बाल्डविन यांना ते महत्त्वाचे वाटले म्हणून.

माल्कम एक्स आणि किंग

माल्कम एक्स यांच्या मुलाखतीत क्लार्क यांची पद्धत अडखळते. ते व्यक्तीविषयी विचारतात आणि माल्कम चळवळीविषयी बोलतात. आपल्या परिवर्तनाचे सारे श्रेय ते एलिजा मुहम्मद यांना देतात. किंग यांना ते आधुनिक 'अंकल टॉम' ठरवितात. येथे तारखेचे भान राखणे अत्यावश्यक आहे. मार्च १९६४ मध्ये माल्कम यांनी 'नेशन ऑफ इस्लाम' सोडली आणि २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची हत्या झाली. क्लार्क यांच्यासमोर बसलेला माणूस अजून संघटनेच्या शिस्तीत बोलत होता. या उत्तरांवरून माल्कम यांचे अंतिम मत ठरविणे म्हणजे कालविपर्यास होय.

ही टीका घेऊन क्लार्क किंग यांच्यासमोर गेले. अत्याचाऱ्यावर प्रेम करण्याची शिकवण गोऱ्यांच्याच हिताची आहे आणि ती कृष्णवर्णीयांना निःशस्त्र करते, या माल्कम यांच्या आक्षेपावर त्यांनी उत्तर मागितले. किंग शांतपणे सांगतात की, हे प्रेम भावविवशता नव्हे. ते प्रत्यक्ष संघटित कृतीत उतरणारे बळ आहे, आणि अप्रतिकार व अहिंसक प्रतिकार यांत भेद आहे. अत्याचार सोसणाऱ्यावरच प्रेमाचाही भार टाकावा काय, ही शंका मानसशास्त्रज्ञ क्लार्क यांचीही होती. म्हणूनच हा प्रश्न केवळ माल्कम यांचा राहत नाही. किंग यांची अनेक भाषणे उपलब्ध आहेत. परंतु आपल्याच समाजातील एका विद्वानाच्या आदरयुक्त संशयाला ते कसे सामोरे जातात, हे भाषणांतून दिसत नाही. तिन्ही मुलाखतींत हा भाग प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाचा वाटतो.

निवडीच्या मर्यादा

समाजाचे प्रतिनिधी म्हणून निवडलेले तिघेही पुरुष होते. त्याच दिवशीच्या बैठकीत ठामपणे बोलणाऱ्या हॅन्सबेरी यांना तेथे स्थान मिळाले नाही. ही उणीव सार्वजनिक दूरचित्रवाणीनेच काही अंशी नंतर भरून काढली. एलिस हायझलिप यांच्या 'सोल!' या कार्यक्रमासाठी १९७१ मध्ये लंडन येथे कवयित्री निकी जिओव्हानी आणि बाल्डविन यांचा संवाद चित्रित झाला. २८ वर्षांच्या जिओव्हानी यांनी ४७ वर्षांच्या बाल्डविन यांना कृष्णवर्णीय पुरुष घरातील स्त्रीशी कसे वागतो याविषयी सोडले नाही. निधीअभावी 'सोल!' १९७३ मध्ये बंद पडला.

तुकडे आणि संपूर्ण साधन

क्लार्क यांच्या मुलाखती १९६३ मध्येच बोस्टनच्या बीकन प्रेसने 'द निग्रो प्रोटेस्ट' या पुस्तकाद्वारे प्रसिद्ध केल्या. मुद्रित पाठात प्रश्न शाबूत राहिले, मात्र आवाजाचा कंप आणि मौन हरवले. उलट राऊल पेक यांच्या २०१६ च्या 'आय ॲम नॉट युअर निग्रो' या माहितीपटाने बाल्डविन यांचा चेहरा व आवाज नव्या पिढीपर्यंत पोहोचविला, परंतु तेथे मुलाखतीचे निवडक अंशच येतात. माहितीपटाला तसे करण्याचा अधिकार आहे; इतिहासाच्या अध्यापकाला तो नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्ये बीबीसी रेडिओला दिलेल्या मुलाखतीचेही असेच तुकडे आपल्याकडे फिरत असतात आणि मुलाखतकाराने काय विचारले होते याची चौकशी क्वचितच होते.

संपूर्ण साधन जतन व्हावे यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि डब्ल्यूजीबीएच यांनी २०१३ मध्ये 'अमेरिकन अर्काइव्ह ऑफ पब्लिक ब्रॉडकास्टिंग' हा संयुक्त संग्रह हाती घेतला. अनेक लहान केंद्रांतील जुन्या फिती त्यातूनच अंकीय स्वरूपात आल्या. १९६७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग'चा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी अमेरिकी काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये परत घेतला आणि ऑगस्टमध्ये या महामंडळाने आपले कामकाज आवरते घेत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे लहान केंद्रांच्या कपाटांत ज्या फिती अजून अंकीय स्वरूपात आलेल्या नसतील, त्यांचा खर्च आता त्या केंद्रांनाच उभा करावा लागेल.