गुणपत्रिका आणि पायदळ

वर्गात पुढच्या बाकावर कोणी बसावे आणि मागच्या बाकावर कोणी, हे गेली वीस वर्षे मी ठरवीत आलो आहे. हाती साधन एकच, गुण! म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या पोरांची वाटणी कशी केली हे वाचताना, खरे सांगतो, मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

रंगरूट छावणीत आला की त्याच्यापुढे 40 मिनिटांची एक प्रश्नपत्रिका येई. शब्दांचे अर्थ, हिशेबाची गणिते आणि चित्रात रचलेल्या ठोकळ्यांची मोजदाद. सरासरी 100 धरलेली. गुणांवरून पाच वर्ग पाडलेले. मग कारकून विचारी, "घरी काय काम करीत होतास?" सुतार असला तर तो बांधकामाच्या पलटणीत, मोटार हाकणारा वाहतुकीत, टंकलेखक कचेरीत. पण रायफल घेऊन खंदकात पडून राहणे हा धंदा शांततेच्या काळात करतो कोण? तेव्हा ज्याच्या हाती कसब नाही, ज्याचे गुण बेताचे, तो बहुधा पायदळात जाई. त्यातून वरच्या गुणांची मुले विमानदळाने आधीच वेचून घेतलेली. भूदलाच्या शिक्षणाचे प्रमुख जनरल मॅकनेअर यांची तक्रार हीच होती. बिचारे जुलै 1944 मध्ये नॉर्मंडीत आपल्याच विमानांच्या चुकलेल्या बाँबने गेले.

परदेशी धाडलेल्या सैन्यात पायदळ शेकडा 14च्या आसपास. मेलेल्या-जखमी झालेल्यांत मात्र शेकडा 70!

हुशार मुले तरी सुटली का? 1943 साली 115च्या वर गुण मिळवणाऱ्यांना गणवेशातच विद्यापीठांत शिकायला बसवण्याची योजना निघाली. वर्षअखेरीस असे विद्यार्थी दीड लाखाच्या घरात होते. पुढे माणसे कमी पडू लागली, आणि फेब्रुवारी 1944 मध्ये योजना आवरती घेतली. लाखभर मुले वह्या मिटून भूदलात आली, पुष्कळशी थेट पायदळात. हेन्री किसिंजर त्यांतलेच. यंत्रविद्या शिकणारा कर्ट व्हॉनेगट हाही त्यांतलाच. त्याच डिसेंबरात आर्डेनच्या जंगलात तो जर्मनांच्या हाती सापडला, ड्रेस्डेनला कैदेत गेला, आणि शहर जळाले तेव्हा कत्तलखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला. त्यावरची त्याची कादंबरी 1969 साली निघाली. चोवीस वर्षे लागली! कादंबरीकार म्हणून मला त्याचे नवल वाटत नाही.

पण ठोकळे मोजताना चुकलेली ती पोरे, त्याच्या शेजारच्या खंदकातली, त्यांच्यावर कोणी काय लिहिले असेल ते असो. सहामाहीचे पेपर टेबलावर पडले आहेत. उद्या मुलांना परत द्यायचे आहेत.