भावविकारांवरील औषधयोजना : अमरावती व अकोला

नैराश्य आणि द्विध्रुवीय विकाराच्या बाह्यरुग्णांना कोणती औषधे, किती मात्रेत आणि किती काळ द्यावीत, याचा वऱ्हाडापुरता विचार रुग्ण दवाखान्यात पुन्हा येईल का, इथूनच सुरू करावा लागतो. गावपातळीवर मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ‘विश्राम’ प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाहणीत अमरावती जिल्ह्यातील नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी उपचार घेतले होते. गावातलेच कार्यकर्ते घरोघर गेल्यावर दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर पोहोचले. आलेला माणूस टिकवायचा, तर चिठ्ठीही त्या बेताने लिहावी लागते.

फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रॅम या नैराश्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. सोबत दिलेल्या अल्प्राझोलाम या सवय लावणाऱ्या शामक गोळीने त्याच रात्री झोप लागते. साहजिकच रुग्णाला हीच गोळी लागू पडली असे वाटते. मूळ औषध सुटते आणि दोन-चार आठवड्यांत थांबायला हवी ती गोळी अंगवळणी पडते. २०१४पासून अल्प्राझोलाम औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहे आणि त्याच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. पण सवय नोंदवहीने मोडत नाही. झोप लागली नाही तर मेळघाटातल्या धारणीहून आलेला माणूस पुन्हा फिरकणार नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ती गोळी जरूर द्यावी, मात्र ती बंद करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर घालावी.

द्विध्रुवीय विकारावरील लिथियमचा प्रश्न अधिक अवघड आहे. रक्तातील त्याची पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलीमोलच्या दरम्यान ठेवावी लागते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अंगातले पाणी कमी झाले किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतले, की ही पातळी धोकादायक चढू शकते. तेव्हा लिथियमऐवजी सरसकट व्हॅल्प्रोएट द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण गरोदरपणी ते घेतल्यास शंभरांतल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते. शिवाय लिथियमने आत्महत्येचा धोका घटतो, आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यांत हा गुण डावलणे मला गैर वाटते. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, मीठ एकदम तोडू नये; हातांचा कंप वाढला, जीभ जड झाली किंवा चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासून घ्यावे.