पशुवैद्यक व पशुधन पर्यवेक्षक (व्यवसाय निवड)

पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक हे महाराष्ट्रातील पशुआरोग्य सेवेतील दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. पशुवैद्यक हा पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या विषयाचा पदवीधर व परिषदेकडे नोंदणी झालेला व्यवसायी असतो. पशुधन पर्यवेक्षक हा पदविका किंवा प्रमाणपत्रधारक असून त्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मर्यादित सेवा द्यावयाच्या असतात. ग्रामीण भागात दोघांनाही सरसकट ‘डॉक्टर’ म्हणून संबोधले जाते. त्यामुळे या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोहोंतील कायदेशीर अंतर अनेकदा उशिरा कळते.

कायदेशीर स्थिती

दोन्ही व्यवसायांमधील सीमारेषा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या केंद्रीय कायद्याने आखली आहे. या अधिनियमाच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. त्याच कलमात एक अपवाद आहे: पशुवैद्यकीय पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा पशुधन सहाय्यक यांची पदविका अथवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस राज्य शासन आदेशाद्वारे ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकते, मात्र ती नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निदेशानुसारच. लसीकरण, खच्चीकरण व जखमांची मलमपट्टी ही अशा सेवांची उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. यापलीकडील प्राथमिक उपचार कोणते, हे राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवते.

प्रत्यक्षात कळीचा शब्द ‘देखरेख’ हा आहे. राज्यातील पशुवैद्यकीय दवाखाने श्रेणी-१ व श्रेणी-२ असे विभागले गेले. श्रेणी-१ दवाखान्याचा प्रमुख पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असे, तर श्रेणी-२ दवाखाना बहुधा सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक सांभाळत असे. अशा ठिकाणी देखरेख करणारा अधिकारी अनेक गावांपलीकडे असतो आणि आजारी जनावर समोर असते. पदविकाधारकांच्या संघटनांनी स्वतंत्र अधिकारांची केलेली मागणी आणि पदवीधरांच्या संघटनांनी तिला केलेला विरोध यांचे मूळ याच परिस्थितीत आहे.

व्यायल्यानंतर आडव्या पडलेल्या गायीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. दुधाळ गायीच्या रक्तातील कॅल्शियम व्यायल्यावर एकाएकी घटल्यास ती उठू शकत नाही, मान कुशीकडे वळवून बसते आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत दगावू शकते. या विकाराला दुग्धज्वर म्हणतात, जरी त्यात ताप नसतो. शिरेतून कॅल्शियम दिल्यास गाय बहुधा लवकर उभी राहते, परंतु तेच औषध घाईने दिल्यास हृदय बंद पडून ती जागीच मरू शकते. शिवाय आडवी पडलेली प्रत्येक गाय दुग्धज्वराचीच असते असे नाही. गर्भाशयाचा दाह, कासदाह किंवा प्रसूतीतील इजा यांमुळेही ती पडते. सुई टोचण्याचे कौशल्य दोघांकडेही असू शकते. निदान करून त्याची जबाबदारी घेण्याचा अधिकार मात्र कायद्याने एकालाच दिला आहे.

शिक्षण व प्रवेश

पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाच्या आंतरवासितेचा समावेश आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असतात आणि प्रवेश ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर होतो. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रातील शिक्षण नागपूरस्थित महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे विद्यापीठाची महाविद्यालये आहेत. त्यांपैकी परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले.

पदविका अभ्यासक्रमाचे स्वरूप वेळोवेळी बदलत आले आहे. दीर्घकाळ तो दहावीनंतरचा, दोन वर्षांचा व दुग्ध व्यवसाय आणि पशुसंवर्धनावर भर देणारा होता. खाजगी संलग्न संस्थांमध्येही तो चालवला गेला. कमी खर्च व लवकर मिळणारी नोकरी हे त्याचे मुख्य आकर्षण होय. मात्र पदविका ही पदवीची पहिली पायरी नाही, ही बाब निर्णयापूर्वी लक्षात घेणे आवश्यक ठरते. दहावीनंतर पदविकेकडे वळलेल्या विद्यार्थ्यास पुढे पशुवैद्यक व्हावयाचे असल्यास बारावी विज्ञान व नीट हाच मार्ग नव्याने चालावा लागतो.

कामाचे स्वरूप

पर्यवेक्षकाचा दिवस मुख्यतः गोठ्यांतून जातो. लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीकरण फेऱ्या, कानात बारा अंकी बिल्ले मारणे, पशुगणना, शासकीय योजनांचे अर्ज आणि कृत्रिम रेतन ही त्याची नेहमीची कामे. रेतनासाठीच्या गोठित रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवाव्या लागतात. सकाळी माजावर आलेल्या गायीस सायंकाळी व सायंकाळी आलेल्या गायीस दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करण्याचा प्रघात आहे. वेळ चुकली तर पुढचा माज येईपर्यंत सुमारे २१ दिवस वाट पाहावी लागते आणि तो खर्च पशुपालकावर पडतो. २०२२ मधील लम्पी त्वचारोगाच्या साथीत लसीकरणाची मोठी धुरा याच वर्गाने वाहिली.

पशुवैद्यकाकडे निदान, औषधोपचार, अडलेल्या प्रसूती, शस्त्रक्रिया, शवविच्छेदन तसेच विमा व आरोग्यविषयक प्रमाणपत्रे ही कामे असतात. खिळे, तारा किंवा प्लास्टिक गिळलेल्या जनावराचे पोट उघडून ते काढणे ही राज्यातील पशुवैद्यकांच्या परिचयाची शस्त्रक्रिया आहे. पदवीधरास स्वतःचा दवाखाना, कुक्कुटपालन उद्योग, औषधनिर्मिती, संशोधन व अध्यापन हे पर्यायही खुले असतात.

शारीरिक श्रम व धोका दोन्हीकडे आहे. जनावराची लाथ किंवा शिंग शैक्षणिक अर्हता पाहत नाही. ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा रोग दोघांनाही होऊ शकतो; त्यावरील चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना दिली जाणारी लस जिवंत जंतूंची असल्याने ती टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली तरी संसर्ग संभवतो.

नोकरी व वेतन

पशुधन विकास अधिकारी हे गट-अ मधील पद असून त्याची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याची वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५०० रुपये आहे. पशुधन पर्यवेक्षक गट-क मध्ये मोडतो व त्याची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे. शासकीय भरती नियमित होत नसल्याने अनेक पदविकाधारक दूध संघ किंवा खाजगी कृत्रिम रेतनाकडे वळतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने शेतकऱ्याच्या दारात रेतनसेवा पोहोचवण्याची पद्धत रुजवली.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञ हा परीक्षा देऊन अर्हता मिळवणारा वर्ग आहे. तो भूल देताना जनावरावर लक्ष ठेवतो, क्ष-किरण प्रतिमा घेतो व प्रयोगशाळेतील तपासण्या करतो. निदान, औषध लिहून देणे व शस्त्रक्रिया ही कामे मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तो पशुवैद्यकाच्या शेजारी उभा राहून काम करतो, तर महाराष्ट्रातील पर्यवेक्षक बहुतांशी एकटा असतो. मुंबई-पुण्यातील पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत असे साहाय्य करणारे कर्मचारी असतात, परंतु १९८४ च्या अधिनियमात त्यांच्यासाठी स्वतंत्र नोंदवही नाही आणि ते हे काम बहुधा हाताखाली राहूनच शिकतात.